सहा आण्यांचा मारिओ

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला आमच्या घरी भांडण झाले. ओवाळणी आटोपली होती, दादाने तबकात पाकीट ठेवले होते, चकल्यांचा डबा मधोमध आला होता आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या भाच्याने कपाटाच्या खणातून एक जुनी जांभळी डबी शोधून आणली. तळहातात मावेल एवढी, वर इवलासा पडदा, खाली दोन-चार बटणे.

"आत्या, हे काय गं?"

"त्यात मारिओ आहे," मी म्हटले.

दादाने ती डबी त्याच्या हातून घेतली, उलटसुलट करून पाहिली, डोळे बारीक करून पडदा न्याहाळला आणि निकाल देऊन टाकला, "हा कसला मारिओ! खरा मारिओ आम्ही खेळलो, टीव्हीवर. हे म्हणजे पोरांची समजूत घालायचे खेळणे. नक्कल ती नक्कलच."

भाच्याने मात्र तोवर पेटीतले दोन सेल आणून डबी चालू केली होती. पाऊण तासाने तो मान वर करून म्हणाला, "बाबा, तुमच्या जुन्यापेक्षा ह्यात कितीतरी जास्त आहे! नकाशा आहे, लाल नाणी आहेत, भुताशी शर्यत आहे. हाच चांगला."

बापलेकांची चांगलीच जुंपली. एक म्हणे जुने ते सोने, दुसरा म्हणे नवे ते सरस. मला कोणी विचारले नाही. मीही गप्प बसले, कारण सणाच्या दिवशी घरच्या बाईने फराळाची ताटे भरावीत, वादात पडू नये, अशी आपली रीत आहे. परंतु त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या मनात सलते आहे. त्या घरात तो खेळ दोन्ही रूपांत शेवटपर्यंत पाहिलेले माणूस एकच होते, आणि ते चकल्या वाढत होते. दादाचेही चुकले होते आणि भाच्याचेही. कसे, ते आज सांगते. संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा आता कोणी मध्येच ताट पुढे करणार नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. कुपवाडला एका लहानशा शाळेत बालवर्गाला शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. यंत्राच्या पोटात काय असते ते मला कळत नाही. पण मुलाला एखादी गोष्ट कशी शिकवावी आणि कशी शिकवू नये, एवढे मला वीस वर्षांत कळले आहे, आणि ह्या वादाला तेवढे पुरेसे आहे.

ज्यांच्या घरात त्या काळी मुले नव्हती त्यांच्यासाठी आधी खेळाची ओळख करून देते. जपानात क्योटो शहरी निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. 1889 साली ती सुरू झाली तेव्हा पत्ते तयार करीत असे. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा जसा, तसे त्यांचे फुलांच्या चित्रांचे पत्ते. पुढे पत्त्यांवरून ती खेळण्यांकडे आणि खेळण्यांवरून टीव्हीच्या खेळांकडे वळली. 1985 साली तिने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते, संगीत कोजी कोन्दो यांचे. मिशीवाला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे धावतो, उड्या मारतो, कासवे तुडवतो, खड्डे ओलांडतो आणि राक्षसाने पळवून नेलेल्या राजकन्येला सोडवतो. आठ जगे, प्रत्येकात चार स्टेज, म्हणजे एकूण बत्तीस. हा सगळा पसारा जेमतेम 40 किलोबाइटांत बसवलेला होता. दिवाळीला आपल्या मोबाईलवर जे शुभेच्छांचे फोटो येऊन आदळतात, त्यांतला एकेक ह्याहून जड असतो. जागा इतकी तुटपुंजी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा.

पण त्याचे मोठेपण काटकसरीत नाही, शिकवण्यात आहे. पहिल्या स्टेजमध्ये खेळाडूला कोणी सूचना देत नाही. समोरून एक शत्रू संथपणे चालत येतो, उडी मारल्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून मूल उडी मारायला शिकते. थोडे पुढे दोन जिने समोरासमोर येतात आणि त्यांच्या मध्ये घट्ट जमीन असते. उडी चुकली तरी मूल मरत नाही. त्यानंतर तसेच दोन जिने पुन्हा येतात, ह्या वेळी मध्ये खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा! आमच्या प्रशिक्षणात बाईंनी आठवडाभर घसा कोरडा करून जे सांगितले, ते ह्या माणसांनी दोन जिन्यांत सांगून टाकले आहे. पुढे खेळ कितीही कठीण झाला तरी एक करार तो शेवटपर्यंत पाळतो. जिथे उडी मारायची ती जागा तुला आधी दिसेल. तू मेलास तर चूक तुझी, आमची नव्हे. मुले ह्या खेळात शंभरदा मरूनही पुन्हा उभी राहिली ती ह्या करारामुळे. करार न्याय्य असला की मूल हरण्याला भीत नाही.

आता आमच्या घरी येते. 1992 सालची दिवाळी. वडील कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्या वर्षी बोनस बरा झाला आणि दादाच्या हट्टापायी घरात व्हिडिओ गेमचा डबा आला. चाळीतली दहा-बारा मुले दुपारभर आमच्या खोलीत बसू लागली. त्या खेळात दोन खेळाडूंची सोय आहे. पहिला मारिओ, दुसरा त्याचा भाऊ लुईजी. परंतु दोघे एकदम खेळत नाहीत. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. दादा मारिओ आणि मी लुईजी, हे न बोलता ठरले होते. दादाचा हात चांगला होता. तो लवकर मरत नसे. मी मांडीवर रिमोट घेऊन बसून राही. अखेर तो मेला आणि माझी पाळी आली, की स्वयंपाकघरातून हाक येई, "अगं, पाणी भर, नळ जाईल." मी उठले की शेजारचा कोणीतरी लुईजी होऊन बसे.

त्या डब्याला स्मरणशक्ती नव्हती. बंद केला की सगळे पुसले जाई, पुन्हा पहिल्या स्टेजपासून आरंभ. सगळे जीव संपल्यावर गेलेल्या जगापासून पुन्हा सुरू करायची एक गुप्त युक्ती खेळात होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या चाळीत ती कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे ज्याच्यापाशी सलग दोन तास मोकळे असतील त्यानेच राजकन्येपर्यंत पोचावे, असा तो कारभार होता. बारा वर्षांच्या मुलीला सलग दोन तास कोणत्या घरात मोकळे मिळतात? चार वर्षांत मी तिसऱ्या जगाच्या पलीकडे गेले नाही. राजकन्या सुटलेली मी पाहिली, ती दादाच्या खांद्यावरून.

म्हणून दादा जेव्हा "खरा मारिओ आम्ही खेळलो" असे म्हणतो, तेव्हा त्या 'आम्ही'त मी नसते, हे त्याला सांगावेसे वाटते.

आणि 'खरा' म्हणजे तरी कोणता? दादा, तुला राग येईल, पण आपला तो डबा निन्टेन्डोचा नव्हताच. त्यावर भलतेच नाव होते. त्या काळी तैवान, हाँगकाँग, चीन इकडून जपानी यंत्राच्या नकला जगभर जात, त्यांतलाच तो एक. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे छापलेली ती पिवळी कॅसेट आठवते? त्यात खेळ मोजून पाच-सहा, बाकी सगळी पुनरुक्ती. आपण ज्याच्या आठवणीने गहिवरतो ती चोरून केलेली नक्कल होती, आणि ही जांभळी डबी तर मूळ कंपनीने स्वतः तयार केलेली आहे. नक्कल कोणती आणि अस्सल कोणते, हे कागदावर तपासायला बसलो तर खटला तू पहिल्याच तारखेला हरशील.

पण मला तसा जिंकायचा नाही. नक्कल ही शिवी आहे, हेच मुळी मला मान्य नाही. आपण सांगलीकर माणसे नाट्यपंढरीचा केवढा अभिमान मिरवतो! 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, ते कशावरून? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितले. म्हणजे ज्या नाटकाला आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मानतो, तेही दुसऱ्याचे पाहून आपल्या माणसांसाठी नव्याने मांडलेले होते. ते थोर ठरले ह्याचे कारण जे प्रेक्षक आजवर बाहेर उभे होते ते त्यामुळे आत आले. नव्याने मांडलेल्या कृतीला हाच प्रश्न आधी विचारावा. तिने कोणाला आत घेतले? आणि आत घेतल्यावर त्याला सगळे दाखवले, की अर्धे झाकून ठेवले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः आहे.

2006 च्या उन्हाळ्यात मस्कतहून आलेल्या मावसभावाने ती डबी मला दिली. त्याच्या मुलांना ती जुनी झाली होती. गेम बॉय कलर असे तिचे नाव, 1998 साली बाजारात आलेली, आणि तिच्यातली कॅसेट 1999 सालची, 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'. तेव्हा मी बालवर्गावर लागून दोनच वर्षे झाली होती. भारनियमनाचे दिवस होते. दुपारी कित्येक तास वीज नसे, पंखा बंद, टीव्ही बंद. ही डबी पेन्सिल सेलवर चाले. गंमत म्हणजे तिच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. दाराशी, उंबऱ्यावर बसून उन्हाच्या तिरिपीत धरावी लागे. मी तांदूळ निवडून झाले की तिथेच बसे आणि एक स्टेज खेळे. हाक आली तर डबी बंद करी. पुन्हा उघडली की माझा हिशेब जिथल्या तिथे असे! ती लक्षात ठेवी. दुसऱ्याने मरावे म्हणून मला वाट पाहावी लागत नसे, टीव्ही कोणाचा हा प्रश्न नसे, आणि नकाशावर असताना एक बटण दाबले की मारिओच्या जागी लुईजी उभा राही. माझ्या लुईजीला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने पूर्ण खेळ मिळाला होता. मी सगळा खेळ लुईजी होऊनच खेळले.

आमच्या महानगरपालिकेचे नाव सांगली-मिरज-कुपवाड. 1998 साली ती झाली तेव्हापासून नावात आम्ही तिसरे. शेवटच्या नंबरावरच्यांना लुईजीचे सुख लवकर कळते.

पाच-पाच, दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडून सहा महिन्यांत मी राजकन्येपर्यंत पोचले. चोवीस-पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी बाई उंबऱ्यावर बसून रडली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हा दादा, ह्या डबीला 'समजूत घालायचे खेळणे' म्हणू नकोस. तुझ्या टीव्हीच्या दरबारात ज्यांना उभे राहायलाही जागा नव्हती, त्यांना तिने आत घेतले.

इथवर वाचून माझा भाचा खूश झाला असेल. आता त्याची पाळी.

बाळा, तू ज्या गोष्टींना भुलून 'हाच चांगला' म्हणालास, त्या बहुतेक सगळ्या वरवरच्या आहेत. प्रत्येक स्टेजमध्ये दडवलेली पाच लाल नाणी, एक अंडे, भुताशी शर्यत, चित्रांचा संग्रह, दिनदर्शिका, भविष्य सांगणारे पत्तेसुद्धा! तीन लाख गुण झाले की 1986 साली जपानात निघालेल्या दुसऱ्या, अधिक अवघड मारिओची आठ जगेही खुली होतात. हे शेवटचे मात्र खरेच मोलाचे आहे, ते मी वजा करीत नाही. पण लग्नात मुलीच्या अंगावर दागिने किती आहेत हे मोजणारी माणसे तिला नीट दिसते का हे विचारायला विसरतात, तसे तुझे झाले आहे.

हिशेब करून पाहा. टीव्हीवरचा जुना खेळ आडवा सोळा घरे आणि उभा पंधरा घरे दाखवी. घर म्हणजे एका विटेएवढा चौकोन. एकूण दोनशे चाळीस घरे. ह्या डबीचा पडदा आडवा दहा घरे आणि उभा नऊ. एकूण नव्वद. दोनशे चाळिसांतली नव्वद! जुन्या माणसांच्या भाषेत रुपयातले सहा आणे. उरलेले दहा आणे पडद्याबाहेर. स्टेज मात्र त्याच, खड्डे तेच, शत्रू तेच, धावण्याचा वेगही जवळजवळ तोच. म्हणजे वाडा तेवढाच ठेवला आणि खिडकी विटांनी बुजवत आणली.

परिणाम काय झाला तो खेळणाऱ्याला विचारा. पहिल्याच जगात तिसरी स्टेज झाडांच्या शेंड्यांची आहे. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर, कधी वर, कधी खाली, अशा उड्या मारीत जायचे. टीव्हीवर सगळे शेंडे एकदम दिसतात. मूल थांबते, अंदाज घेते आणि झेप घेते. ह्या डबीवर उंच शेंड्यावर उभे राहिले की खालचा शेंडा पडद्याबाहेर असतो. तो आहे हे तुम्हांला माहीत असेल तर उडी मारा. माहीत नसेल तर मरा आणि मग माहीत करून घ्या. समोरून येणारी तोफेची गोळी टीव्हीवर लांबून दिसे, इथे ती अंगावर आल्यावर दिसते. मी उंबऱ्यावर बसून जेवढ्या वेळा मेले त्यांतले निम्मे मरण तरी माझ्या चुकीचे नव्हते. कराराचा भंग समोरच्याकडून झाला होता. 'दिसेल तिथे उडी मार' ह्या जागी 'उडी मार म्हणजे दिसेल' असे झाले. पहिले शिक्षण आहे, दुसरा जुगार आहे.

कोणी म्हणेल, त्यांनी वर-खाली पाहण्याची सोय ठेवली आहे ना? ठेवली आहे. बाण दाबला की चित्र वर किंवा खाली सरकते. पण खेळाचे घड्याळ तोवर टिकटिकत असते आणि हवेत असलेल्याला ती सोय फुकट आहे. वाटेवर दिवा न लावता प्रत्येकाच्या हाती काड्याची पेटी द्यावी, तशी ही सोय. काडी पेटवायला थांबलेला माणूस धावू शकत नाही आणि हा तर धावण्याचा खेळ!

दुसरा कोणी म्हणेल, पडदाच एवढा, करणार काय बिचारे? इथेच माझा खरा राग आहे. त्यांना करता येत होते! ह्याच कंपनीने 1989 साली, गेम बॉयच्या पहिल्या वर्षी, 'सुपर मारिओ लँड' काढला तेव्हा मारिओला आणि त्याच्या शत्रूंना लहान केले, म्हणजे लहान पडद्यावरही वाट पुरेशी दिसावी. 1994 साली तिने आपल्या 1981 च्या 'डाँकी काँग' ह्या दुकानी यंत्रावरच्या खेळाला डबीत आणले, तेव्हा जुन्या चार स्टेज आरंभाला ठेवून पुढे शंभराच्या घरात नव्या स्टेज रचल्या, सगळ्या त्या लहान पडद्याचे माप घेऊन. ज्यांना हे साधले त्यांनीच 1999 साली सगळ्यांत लाडका खेळ हाती घेतला आणि माप न घेता कापड कापले. चित्र मोठे ठेवले, कारण ओळखीचे दिसले पाहिजे. दुकानात डबी हातात घेणाऱ्या बापाने "अरे, हा तर आपलाच मारिओ!" म्हणावे, ह्यासाठी मुलाच्या डोळ्यांपुढची वाट कापली.

लहान करणे म्हणजे कापणे नव्हे, हे आमच्या शेजारी मिरजेत कोणीही सांगेल. तिथे फरीदसाहेबांपासून पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे तयार होतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुषांचा तानपुरा मोठा, बायकांचा लहान, कारण बाईचा स्वर उंच. आता बायकांचा तानपुरा हा पुरुषांचा तानपुरा करवतीने कापून करतात काय? भोपळा त्या मापाचा निवडतात, दांडी त्या लांबीची घेतात, तारा त्या स्वराला जुळतील अशा लावतात आणि घोडीवर जवारी त्या वाद्यासाठी घासून काढतात. म्हणून तो बोलतो. त्याला कोणी 'मोठ्या तानपुऱ्याची नक्कल' म्हणत नाही. लहान हाताचे आणि उंच गळ्याचे पूर्ण वाद्य असते ते. ह्या डबीत निन्टेन्डोने खोळ बायकांच्या तानपुऱ्याची शिवली आणि आत मोठा तानपुरा कोंबला.

वाचकहो, एवढ्याशा खेळासाठी दिवाळी अंकाची इतकी पाने खर्ची घालावीत काय, असे तुम्हांला वाटत असेल. 2020 सालापर्यंत मलाही तसेच वाटले असते.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आम्हांला सांगण्यात आले, मोबाईलवरून शिकवा. मी काय केले? घरी भिंतीला फळा टेकवला, त्यावर नेहमीसारखी अक्षरे लिहिली, फोटो काढला आणि पालकांना पाठवून दिला. वाटले, शाळा मुलांच्या तळहातावर पोचवली! आठ दिवसांनी एका मुलीच्या आईचा फोन आला. "बाई, तिला सगळा फळा एकदम दिसत नाही. बोटाने वर-खाली सरकवत बसते, तोवर विसरते. आणि मोबाईल आधी तिच्या भावाला लागतो, त्याचा चौथीचा अभ्यास असतो. तो उठला की हिची पाळी."

मी फोन ठेवला आणि कपाटातली जांभळी डबी माझ्या डोळ्यांपुढे आली. बोटाने वर-खाली सरकवत बसते! तो उठला की हिची पाळी! ज्या अपराधाबद्दल मी जपानी कंपनीला मनातल्या मनात चौदा वर्षे बोल लावीत होते, तोच मी माझ्या वर्गातल्या मुलांशी केला होता. फळा तेवढाच ठेवला आणि खिडकी बुजवली. मुलांना सहा आणे दाखवून सोळा आण्यांची परीक्षा घ्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी फळा उतरवला. जुन्या पुठ्ठ्यांवर एकेक अक्षर काढले, हातभर मोठे, एका फोटोत एकच. 'क' म्हटला की फक्त 'क', आणि त्याच्याखाली खरे कणीस ठेवलेले. ते पाहायला दोन मिनिटे पुरत आणि ते मोबाईलमध्ये राहत असे, भाऊ उठल्यावर बघितले तरी चाले. त्या मुलीची आई पुन्हा म्हणून रागावून बोलली नाही. ती मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत गेली तेव्हा तिला अक्षरे येत होती. मी काही थोर केले नाही. मिरजेचा कारागीर रोज जे करतो ते उशिरा केले, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे खेळापुरते राहत नाही. मुलांना, बायकांना, गरिबांना जे जे मिळते ते बहुधा मोठ्यांच्या वस्तूचे कापलेले रूप असते, आणि वर "मिळाले हेच नशीब" हे ऐकावे लागते. एक पक्ष म्हणतो, हे खरे नव्हे, म्हणून टाकाऊ. दुसरा पक्ष म्हणतो, बघा किती दागिने लावलेत, म्हणून उत्तम. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. लहान हातांसाठी करायचे तर पूर्ण करा, माप घेऊन करा, आणि आमच्यापासून वाट लपवू नका. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

आता निकाल. 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स' ह्या कॅसेटला मी शंभरपैकी पासष्ट गुण देते. आत घेतल्याबद्दल, आठवण ठेवल्याबद्दल आणि लुईजीला त्याचा मान दिल्याबद्दल पूर्ण गुण. दागिन्यांचे गुण मी धरले नाहीत, वजाही केले नाहीत. पस्तीस गुण कापले ते त्या झाकलेल्या दहा आण्यांबद्दल, आणि येत असून केले नाही म्हणून त्यांतले दहा अधिक कडकपणे कापले आहेत. न येणाऱ्या मुलाला मी कधी इतके कमी गुण देत नाही. 2014 साली कंपनीने हाच खेळ आपल्या नव्या डबीसाठी इंटरनेटच्या दुकानात ठेवला, 2023 साली ते दुकानही बंद झाले. सुधारायची संधी होती, तेव्हाही खिडकी तेवढीच ठेवली.

ह्या भाऊबीजेला मी नवे सेल आणून ठेवले आहेत. ओवाळणी झाली की डबी दादाच्या हातात देणार आहे. पहिल्या जगातली तिसरी स्टेज, झाडांच्या शेंड्यांची. तो मारिओ घेईल, हे ठरलेलेच आहे. तो पडेपर्यंत मी शेजारी बसून राहीन. त्यानंतर माझी पाळी, आणि त्या वेळी चकल्या भाच्याने वाढायच्या आहेत, हे मी त्याला आजच सांगून ठेवले आहे.